जर्सी गाईच्या बेटावरची भाषा: नॉर्मनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्मन म्हणजे नेमकी कुठली भाषा?

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचा नॉर्मंडी प्रांत आणि त्याच्यासमोर समुद्रात असलेली जर्सी, गर्न्सी, सार्क ही बेटं इथली पिढीजात भाषा. आपल्याकडच्या गोठ्यांत बांधलेली जर्सी गाय मूळची याच जर्सी बेटाची. तिथला जुना शेतकरी गाईला 'काउ' म्हणत नाही आणि फ्रेंचांसारखं 'वाश'ही म्हणत नाही. तो म्हणतो 'वाक'. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही फ्रेंचची बोली ना? मग भाषा कशाला म्हणायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. नॉर्मन फ्रेंचमधून निघालेली नाही. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात उत्तर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या उत्तरेत, जी बोलीभाषेतली लॅटिन चालत होती, तिच्या गावागणिक वेगवेगळ्या शाखा झाल्या. पिकार, वालों, गालो, नॉर्मन आणि पॅरिसच्या आसपासची बोली या साऱ्या त्यातल्याच. या गटाला 'ऑईल' भाषा म्हणतात, कारण उत्तरेत 'हो' म्हणायला 'ऑईल' म्हणत, तर दक्षिणेत 'ऑक'. पॅरिसची बोली राजाची झाली, पुढे कायद्याची, छापखान्याची आणि शाळेची झाली. तिला फ्रेंच हे नाव मिळालं आणि बाकीच्या बहिणींना 'पात्वा', म्हणजे गावंढळ बोली, हा शिक्का बसला.

प्रमाण भाषा आणि बोली यांचं भांडण मराठी माणसाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही. एवढंच सांगतो की बाराव्या शतकात नॉर्मन ही इंग्लंडच्या राजदरबाराची भाषा होती आणि तिच्यात मोठं लेखन होत होतं. 'बिघडलेली फ्रेंच' हे वर्णन तिच्यावर फार नंतर चिकटवलेलं आहे, आणि ते चुकीचं आहे.

नॉर्मन लोक मूळचे व्हायकिंग. मग ही भाषा स्कॅंडिनेव्हियन का नाही?

इ. स. ९११ मध्ये फ्रँकांचा राजा चार्ल्स 'भोळा' याने रोलो या व्हायकिंग सरदाराशी सें-क्लेर-स्यूर-एप्त इथे करार केला. सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख त्याला दिला आणि त्या बदल्यात लुटालूट थांबवून त्याने राजाचं मांडलिकत्व पत्करलं. 'नॉर्मन' म्हणजे उत्तरेकडून आलेला माणूस.

पण आलेले लोक संख्येने थोडे होते, त्यात बहुतेक पुरुष. त्यांनी स्थानिक बायका केल्या, ख्रिस्ती धर्म घेतला, आणि नातवंडं आईची भाषा बोलू लागली. हे किती झटपट झालं याचा एक दाखला दूदो या थोड्या नंतरच्या इतिहासकाराने दिला आहे. रोलोच्या मुलाला आपला मुलगा रिचर्ड याला डॅनिश शिकवायचं होतं, तर त्याने त्याला राजधानी रुआँमधून बायो या गावी पाठवलं, कारण रुआँमध्ये रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेली, भाषाच जास्त कानावर पडायची. म्हणजे दोन पिढ्यांत राजधानीतून पूर्वजांची भाषा जवळजवळ उठली होती. दूदो दरबारी लेखक होता, त्यामुळे त्याचं सगळंच खरं धरू नये; पण असली गैरसोयीची गोष्ट तो उगाच रचेल असं वाटत नाही.

तेव्हा नॉर्मनचा सांगाडा पूर्ण लॅटिनचा आहे. नॉर्सचं, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचं, देणं शब्दांत आहे.

मग नॉर्सचं काय उरलं?

मुख्यतः समुद्र, किनारा आणि गावांची नावं. नॉर्सचा 'बेक्र', म्हणजे ओढा, नॉर्मंडीत 'बेक' झाला. कोदबेक या गावाच्या नावाचा अर्थ आहे थंड ओढा. 'तोप्त' म्हणजे घराची जागा, त्यावरून 'तो' शेपटीची गावं आली, जसं इव्हतो. 'व्हील' शेपटी रोमान्स असली तरी पुढचं नाव बरेचदा व्हायकिंगाचं असतं. तोकव्हील म्हणजे तोकी नावाच्या माणसाचं गाव. लोकशाहीवर लिहिणाऱ्या आलेक्सी द तोकव्हीलचं घराणं याच गावाचं.

आडनावांतही तेच. 'थोर्स्टेन'चं 'तुतँ' झालं, 'आस्केटिल'चं 'आंकतील'. पाच वेळा 'तूर द फ्रान्स' जिंकणारा सायकलपटू झाक आंकतील नॉर्मन होता.

बोलण्यात समुद्रपक्ष्याला 'मोव्ह', वाळूच्या टेकड्यांना 'मिएल', उंचवट्याला 'हूग' हे शब्द आजही आहेत. 'व्हरेक', म्हणजे किनाऱ्यावर वाहून येणारं समुद्री शेवाळ, हा तर नॉर्मनमधून प्रमाण फ्रेंचमध्येच शिरला. बेटांवर त्याला 'व्रेक' म्हणतात आणि शतकानुशतकं शेतात त्याचंच खत घालत आले.

'जोरे रेषा' काय आहे?

आता त्या गाईकडे परत येऊ. लॅटिनमध्ये गाय 'वाक्का'. फ्रेंचमध्ये 'अ'च्या आधीचा 'क' बदलून 'श' झाला, म्हणून 'वाश'. उत्तर नॉर्मंडीत तो 'क' जागेवरून हललाच नाही: 'वाक'. मांजर फ्रेंचमध्ये 'शा', नॉर्मनमध्ये 'का'. पाय फ्रेंचमध्ये 'जांब', नॉर्मनमध्ये 'गांब'.

शार्ल जोरे या अभ्यासकाने १८८३ मध्ये नकाशावर दाखवलं की हा 'क' कुठवर टिकला आहे. ती रेषा पश्चिम किनाऱ्यावर ग्रॅनव्हिलजवळून निघते आणि नॉर्मंडीला आडवी छेदून पूर्वेकडे पिकार्डीत जाते. रेषेच्या उत्तरेला 'वाक', दक्षिणेला 'वाश'. दक्षिणेकडची नॉर्मन त्यामुळे शेजारच्या बोलींच्या आणि फ्रेंचच्या जास्त जवळची वाटते. अमुक गाव या बाजूला आणि शेजारचं त्या बाजूला अशी कुंपणासारखी ही रेषा अर्थातच नाही. एखादा शब्द कुठे टिकला, कुठे हरला, असा तो पट्टा आहे.

दुसरी खूण 'व'ची. जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, शब्दांतला आरंभीचा 'व' फ्रेंचमध्ये 'ग' झाला, उत्तर नॉर्मनमध्ये 'व' राहिला. गांधीलमाशी फ्रेंचमध्ये 'गेप', नॉर्मनमध्ये 'व्हेप'. तिसरी खूण स्वराची: फ्रेंच 'म्वा' (मला), 'त्र्वा' (तीन), तर नॉर्मन 'मे', 'त्रे'.

इंग्रजीत फ्रेंच शब्द आले की नॉर्मन?

दोन्ही आले, आणि काही वेळा एकच शब्द दोनदा आला. १०६६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंड घेतलं. त्याच्याबरोबर 'क' आणि 'व'वाले शब्द गेले. पुढे पॅरिसचं वजन वाढल्यावर त्याच शब्दांची 'श-च' आणि 'ग'वाली रूपं मागून आली. इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतली.

दुकानदार मिक्सरवर 'वॉरंटी' देतो का 'गॅरंटी' यावर आपण वाद घालतो. शब्द एकच, पहिला नॉर्मन घाटाचा, दुसरा फ्रेंच घाटाचा. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' तसेच. 'कॅच' नॉर्मन आणि 'चेस' फ्रेंच, दोन्ही पाठलाग करून पकडण्याच्या एकाच मुळातून. 'कार', 'कॅरी', 'कार्पेंटर', 'पॉकेट' हे नॉर्मन 'क'वाले. 'वेटर', 'वॉरंट' हे नॉर्मन 'व'वाले.

आणि क्रिकेटवेड्या वाचकांसाठी: 'विकेट' हाही नॉर्मन शब्द, अर्थ छोटं फाटक. त्याचं फ्रेंच भावंड 'गिशे', म्हणजे आज फ्रान्समध्ये तिकिटाची खिडकी. आधुनिक नॉर्मनमध्ये 'व्हिके' अजून चालतो. म्हणजे वानखेडेवर कॅच घेतल्याने विकेट पडली, तर एका वाक्यात दोन नॉर्मन शब्द झाले.

एक सावधगिरी. इंग्रजी 'कॅट' आणि नॉर्मन 'का' सारखे दिसतात म्हणून मांजर नॉर्मंडीतून आलं असं लिहिलेलं आढळतं. ते खरं नाही. 'कॅट' जुन्या इंग्रजीत आधीपासून होतं.

अँग्लो-नॉर्मन आणि नॉर्मन एकच का?

नाही. अँग्लो-नॉर्मन ही इंग्लंडात वाढलेली शाखा. सुरुवात नॉर्मनने झाली, पण पुढे तिच्यात इतर फ्रेंच बोली मिसळल्या आणि ती राजदरबार, न्यायालय, कारकुनी यांची भाषा झाली. 'रोलांचं गीत' या मध्ययुगीन महाकाव्याची सर्वांत जुनी हाती लागलेली प्रत अँग्लो-नॉर्मनमध्ये आहे आणि ती ऑक्सफर्डला आहे.

न्यायालयात ती चिवटपणे टिकली. खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला. गंमत म्हणजे तो कायदा फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. कोर्टाच्या कामातून ती पुरती हद्दपार व्हायला अठराव्या शतकाचा चौथा दशकच उजाडला. तरी ब्रिटिश संसदेत विधेयकाला राजाची संमती आजही 'ल र्वा ल व्हे', म्हणजे 'राजाची इच्छा आहे', याच शब्दांत जाहीर होते.

मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश सोडून इतरांना 'प्युनी जज' म्हणण्याची जुनी पद्धत होती. तो शब्द याच कायदेशीर फ्रेंचमधला. मूळ अर्थ 'नंतर जन्मलेला', म्हणजे कनिष्ठ.

बेटांवर नॉर्मन टिकली आणि मुख्य भूमीवर का विरली?

१२०४ हे वर्ष महत्त्वाचं. त्या वर्षी फ्रान्सचा राजा फिलिप ऑग्युस्त याने इंग्लंडच्या जॉन राजाकडून नॉर्मंडीची मुख्य भूमी जिंकून घेतली. बेटं मात्र इंग्लंडच्या राजाकडेच राहिली. एकाच भाषेचे लोक दोन राजांत वाटले गेले. जर्सीपासून फ्रान्सचा किनारा सुमारे २२ किलोमीटर. आभाळ स्वच्छ असलं की दिसतो.

मुख्य भूमीवर पॅरिस हळूहळू वर चढत गेलं. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रेच्या फर्मानाने कायदेशीर कागदपत्रं फ्रेंचमध्ये आली. खरा घाव मात्र १८८१-८२ च्या शालेय कायद्यांनी बसला. सक्तीचं शिक्षण फ्रेंचमध्ये, आणि वर्गात घरची भाषा बोलणं म्हणजे लाजेची गोष्ट. आईबापांनीच मुलांशी नॉर्मन बोलणं सोडलं.

बेटांवर चर्च आणि कोर्टात फ्रेंच असली तरी शेतात, होडीवर आणि स्वयंपाकघरात नॉर्मनच. तिला धक्का दिला तो इंग्रजीने: आधी लष्करी छावण्या आणि व्यापार, मग पर्यटक, मग शाळा. जर्सीच्या विधानसभेत इंग्रजीत बोलायची मुभा १९०० मध्ये मिळाली. म्हणजे तोवर तिथे फ्रेंच हीच सभेची भाषा होती, आणि नॉर्मनला ना या बाजूने सिंहासन ना त्या.

दुसऱ्या महायुद्धाचा काय परिणाम झाला?

१९४० ते ९ मे १९४५ या बेटांवर जर्मनांचा ताबा होता. जर्मन यायच्या आधी गर्न्सीतून सुमारे १७,००० लोकांना इंग्लंडला हलवलं, त्यात हजारो शाळकरी मुलं. पाच वर्षं ती लँकशरसारख्या ठिकाणी इंग्रजी घरांत राहिली. परतली तेव्हा बरीच मुलं आजीशी बोलू शकत नव्हती. याउलट मागे राहिलेल्यांना नॉर्मनचा एक नवा उपयोग सापडला: जर्मन दुभाष्यांना फ्रेंच आणि इंग्रजी कळायची, ही कळत नसे. पण त्या पाच वर्षांतला फायदा पुढच्या पिढीचं नुकसान भरून काढू शकला नाही.

जर्सीची जेरिए कशी ओळखायची?

जेरिए म्हणजे जर्सी बेटावरची नॉर्मन. ती ओळखायची एका आवाजाने. जेरिएत दोन स्वरांमधल्या 'र'च्या जागी अनेकांच्या तोंडी इंग्रजी 'धिस'मधला मऊ 'ध' येतो. आई फ्रेंचमध्ये 'मेर', जेरिएत 'मेध'. बाप 'पेर', इथे 'पेध'. हा उच्चार बेटाच्या पश्चिम भागात, सें-उआँकडे, ठसठशीत. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम १४-१५ किलोमीटर लांब, तरी कुठल्या टोकाचा माणूस आहे हे जुन्या लोकांना बोलण्यावरून कळायचं.

साहित्याची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकातला कवी वास जर्सीत जन्मला. ११५५ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या काव्यात आर्थर राजाच्या गोलमेजाचा पहिला लिखित उल्लेख सापडतो. आधुनिक काळात फ्रँक ल मेस्त्र यांचा जेरिए-फ्रेंच शब्दकोश १९६६ मध्ये आला आणि शुद्धलेखनाला एक पाया मिळाला. १९९९ पासून शाळांत जेरिए शिकवतात. २०१० पासूनच्या जर्सी पौंडाच्या नोटांवर किंमत जेरिएतही छापलेली आहे, आणि तिथे पौंडाला म्हणतात 'लुई'. फ्रान्सच्या राजाचं नाव असं इंग्लंडच्या राणीच्या नोटेवर आलं! २०१९ मध्ये विधानसभेने जेरिएला इंग्रजी आणि फ्रेंचच्या बरोबरीने अधिकृत भाषा मानलं.

गर्न्सीची वेगळी आहे का?

बरीच. तिथल्या भाषेला गर्नेझिए म्हणतात. जर्सीसारखा 'र'चा 'ध' नाही. स्वर मात्र असे ताणून वळवतात की जर्सीकरांना हसू येतं, आणि गर्न्सीकर त्याची परतफेड करतात. भेटल्यावर 'वारो!' म्हणायचं.

जॉर्ज मेतिव्हिए (१७९०-१८८१) हा तिथला मोठा कवी. १८३१ मध्ये त्याच्या गर्नेझिए कवितांचं पुस्तक आलं आणि १८७० मध्ये शब्दकोश. त्याच सुमारास व्हिक्टर ह्यूगो हद्दपार होऊन गर्न्सीत राहत होता. १८६६ च्या आपल्या कादंबरीत त्याने ऑक्टोपससाठी बेटावरचा 'पिएव्हर' शब्द वापरला. वाचकांना तो इतका भावला की फ्रेंचमध्ये ऑक्टोपसचं तेच नाव रूढ झालं.

सार्क आणि ऑल्डर्नी?

सार्क बेट ओस पडलेलं होतं. १५६५ मध्ये राणी एलिझाबेथच्या परवानगीने जर्सीतल्या सें-उआँच्या जहागीरदाराने, हेलिए द कार्तरे याने, तिथे ४० कुटुंबं वसवली, मुख्यतः जर्सीतूनच. म्हणून सार्कची सेर्किए ही सोळाव्या शतकातल्या जेरिएची लेक. मोटारींना बंदी असलेल्या या चिमुकल्या बेटावर ती जन्मापासून बोलणारे आता बोटांवर मोजण्याइतके.

ऑल्डर्नीचं जास्त वाईट. १९४० मध्ये जवळजवळ सगळं बेट रिकामं केलं गेलं आणि जर्मनांनी तिथे वेठबिगारीच्या छावण्या उभारल्या. युद्धानंतर परतलेल्यांच्या तोंडून तिथली बोली पुन्हा उभी राहिली नाही. ती आता नाही.

मुख्य भूमीवर कुठल्या बोली?

कोतांतँ द्वीपकल्पातली सर्वांत जोमदार, विशेषतः टोकाकडच्या ला हागमध्ये. शेरबूरच्या आल्फ्रेद रॉसेलचं (१८४१-१९२६) 'स्यू ला मे', म्हणजे 'समुद्रावर', हे गाणं तिथे जवळजवळ राष्ट्रगीतासारखं म्हणतात. सेनच्या उत्तरेला पेई द को पठारावरची कोश्वा. फ्रेंच कथाकार मोपासाँच्या कथांतले शेतकरी हीच बोली बोलतात, जरी तो पॅरिसच्या वाचकाला झेपेल इतकीच ठेवतो. रुआँ शहराची स्वतःची बोलीही सतराव्या शतकात दाव्हिद फेराँने छापील कवितेत आणली. ओज, बेसँ या भागांच्याही आपापल्या छटा आहेत, पण फ्रेंचमध्ये त्या लवकर मिसळल्या. कुठेही जा, 'बेर' मागितलं तर सफरचंदाचा सायडर मिळेल. शब्दाचा अर्थ नुसता 'पेय'.

एकमेकांचं बोलणं कळतं का?

कोतांतँचा आणि जर्सीचा माणूस सावकाश बोलले तर निभतं. १९९८ पासून मुख्य भूमी, जर्सी आणि गर्न्सी आळीपाळीने एक नॉर्मन मेळावा भरवतात. तिथे गाणी, नाटुकली सगळं आपापल्या बोलीत चालतं. लेखनाचा एकच नियम मात्र नाही. बेटांचं वेगळं, कोतांतँचं वेगळं. एक करायला हवं असं बाहेरच्यांना वाटतं. मला नाही वाटत. इतके थोडे बोलणारे उरले असताना वेलांटीवरून भांडणं परवडणारं नाही.

आज बोलणारे किती?

जर्सीच्या जनगणनेत १९८९ मध्ये ५,७२० जणांनी जेरिए येते असं सांगितलं; २००१ मध्ये २,८७४. गर्न्सीत २००१ मध्ये १,३२७ जण अस्खलित बोलत होते, बहुतेक ६४ च्या पुढचे. तेव्हाचे ६४ चे आज कुठे असतील हा हिशेब तुम्हीच करा. युनेस्को नॉर्मनला गंभीररीत्या संकटग्रस्त मानते. फ्रान्समध्ये १९९९ च्या एका सरकारी अहवालाने तिला फ्रान्सच्या भाषांच्या यादीत घेतलं, पण राज्यघटनेनुसार प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंचच.

नॉर्मंडीबाहेर ती कुठे गेली?

सिसिलीत नॉर्मन राजे झाले खरे, पण तिथल्या दरबारात लॅटिन, ग्रीक, अरबी चालायच्या. भाषेची छाप मर्यादित. क्वेबेकच्या फ्रेंचवर ठसा जास्त, कारण सुरुवातीच्या वसाहतकऱ्यांत नॉर्मंडीचे पुष्कळ होते. शिवाय जर्सीचे कोळी आणि व्यापारी कॅनडाच्या गास्पे किनाऱ्यावर कॉड मासळीसाठी जाऊन राहिले, तेव्हा जेरिएही बरोबर गेली.

भारताशी काही थेट संबंध?

भाषेचा थेट नाही, इंग्रजीमार्फतच. एक आडनाव मात्र सापडतं: अठराव्या शतकात सुरतेला पारशी दस्तुरांकडून अवेस्ता शिकून १७७१ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर छापणारा आंकतील-द्यूपेराँ. माणूस पॅरिसचा, पण आडनाव तेच नॉर्सवरून आलेलं नॉर्मन.

शिकायची असेल तर?

जेरिएपासून सुरुवात करा, कारण तिच्यात इंग्रजीतून शिकवणारं साहित्य सर्वांत जास्त आहे आणि इंटरनेटवर मोफत मिळतं. फ्रेंच येत असेल तर छापील मजकूर बराचसा कळतो. ऐकताना मात्र पहिल्यांदा काहीच लागत नाही, म्हणून वाचनाआधी ध्वनिफिती ऐका. 'क' 'च'कडे आणि 'ग' 'ज'कडे कुठे झुकतो हे आधी टिपून ठेवा: कुत्रा फ्रेंचमध्ये 'श्यँ', जेरिएत 'च्याँ', युद्ध 'गेर', इथे 'जेर'. आणि आभार मानायचे असतील तर 'मेर्सी ब्यँ दे फे', म्हणजे पुष्कळ वेळा धन्यवाद.